एका चॅसिसमध्ये चार संगणक: सेग्मेंटेड बॅकप्लेन नेमका कुठपर्यंत 'वेगळा' असतो?

स्लॉटशून्य

मांडणी अशी आहे: ६ यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅक चॅसिस, २० स्लॉटचा पॅसिव्ह बॅकप्लेन, चार सेग्मेंट. प्रत्येक सेग्मेंटमध्ये पीआयसीएमजी १.० (औद्योगिक संगणक कार्डांचं मानक) चं एक सीपीयू कार्ड, दोन पीसीआय कार्डं (एक मोशन कंट्रोलचं, एक नेटवर्कचं) आणि एक आयएसए (पीसीआयच्या आधीची जुनी बस) डिजिटल आय/ओ कार्ड. एक एसएमपीएस, दोन पंखे. चार मशिनांना चार स्वतंत्र कंट्रोलर, आणि रॅकमध्ये जागा फक्त ६ यू.

माहितीपत्रकात 'चार संपूर्ण स्वतंत्र संगणक' असं छापलेलं आहे. हे स्वातंत्र्य कुठपर्यंत खरं? एक कार्ड बिघडलं तर बाकीचे तीन चालू ठेवून ते बदलता येतं का? आणि ३०० वॅटचा साधा एसएमपीएस पुरेल का?

बसधारक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण सगळं त्यावरच अडतं: नाही. एसएमपीएस एकच असेल तर एक सीपीयू कार्ड काढायला चारही संगणक बंद करावे लागतील.

आता का ते. पॅसिव्ह बॅकप्लेन म्हणजे मदरबोर्ड नव्हे. त्यावर कनेक्टर, तांब्याच्या रेषा, थोडे कपॅसिटर आणि वीज जोडायची टर्मिनलं एवढंच. प्रोसेसर, रॅम, चिपसेट, बायॉस हे सगळं सीपीयू कार्डावर. २० स्लॉटच्या साध्या बॅकप्लेनवर डेटा, अॅड्रेस आणि कंट्रोलच्या रेषा (मिळून 'बस') या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात. सेग्मेंटेड बॅकप्लेनमध्ये या रेषा ठराविक स्लॉटनंतर तोडलेल्या असतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा सीपीयू स्लॉट, स्वतःचा क्लॉक, स्वतःची रिसेट रेषा, स्वतःचे इंटरप्ट. पहिल्या सेग्मेंटमधल्या कार्डाने बस अडवून धरली तर दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. तिथपर्यंत माहितीपत्रक खरं बोलतं.

पण तोडलेल्या असतात त्या फक्त सिग्नलच्या रेषा. +५, +१२, −१२ व्होल्ट आणि ग्राउंडचे थर बहुतेक बॅकप्लेनवर सगळ्या २० स्लॉटखाली सलग पसरलेले असतात. घरं चार, पण मीटर एकच. आयएसए आणि पीसीआयच्या एज कनेक्टरवर सगळे संपर्क जवळजवळ एकदमच जुळतात, आधी ग्राउंड मग वीज मग सिग्नल असा क्रम तिथे नाही. म्हणून चालू विजेवर कार्ड ओढायचं नाही म्हणजे नाही.

बाजारात 'सेग्मेंटेड' आणि 'स्प्लिट' हे दोन शब्द बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतात. एकाच पीसीबीवर बस तोडलेली असेल तर तो सेग्मेंटेड. चार छोटे बॅकप्लेन शेजारी शेजारी स्क्रूने बसवून प्रत्येकाला वेगळी वीज दिलेली असेल तर तो स्प्लिट. दुसऱ्या प्रकारात एक सेग्मेंट बंद करून त्यातलं कार्ड बदलता येतं. खरेदीआधी विचारायचा प्रश्न हाच.

मीटरवाली

विचारण्यापेक्षा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

सगळी कार्डं बाहेर. एसएमपीएसची केबल बॅकप्लेनवरून काढलेली. मल्टिमीटर बीपवर. आयएसए स्लॉटला दोन रांगा असतात, ए आणि बी. ए३१ म्हणजे अॅड्रेसची शून्यावी रेषा. एक प्रोब पहिल्या आयएसए स्लॉटच्या ए३१ वर ठेवा आणि दुसरा एकेका स्लॉटच्या ए३१ वर टेकवत चला. बीप वाजतोय तोवर तोच सेग्मेंट. गप्प झाला की हद्द संपली.

मग तेच बी३ वर करा. बी३ म्हणजे +५ व्होल्ट. हा विसाव्या स्लॉटपर्यंत वाजत राहिला तर वीज सामाईक. बी९ म्हणजे +१२, बी७ म्हणजे −१२, बी५ म्हणजे −५. बी१ ग्राउंड आहे, तो कायमच वाजणार, स्प्लिट बॅकप्लेन असला तरी चॅसिसच्या स्क्रूंमधून वाजतो. त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

एक फसगत होते: वेगळ्या रेषांमध्येसुद्धा कपॅसिटर चार्ज होताना मीटर क्षणभर 'टिक्' करतो. सलग वाजला तरच बीप समजायचा.

हद्दीची जागा सापडली की चॅसिसच्या पत्र्यावर मार्करने रेघ मारून ठेवा. बॅकप्लेनवरची छापील अक्षरं कार्डं बसल्यावर दिसत नाहीत. दुसरं सीपीयू कार्ड चुकून शेजारच्याच सेग्मेंटमधल्या साध्या आयएसए स्लॉटमध्ये बसवणं ही या चॅसिसची सगळ्यात नेहमीची चूक आहे. जुनी निव्वळ आयएसएवाली सीपीयू कार्डं कुठल्याही आयएसए स्लॉटमध्ये बसतात, अडवणारं काही नसतं. मग दोन मालक एकाच अॅड्रेस बसवर एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात, दोन्ही संगणक सुरू होत नाहीत आणि बफर चिपा हाताला चटका देतात.

ढोबळमानाने

विजेचा हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कार्डांच्या कागदावरचे घाला.

पेंटियम ३ च्या काळातलं सीपीयू कार्ड +५ वर साधारण ७ अँपिअर धरू. दोन पीसीआय कार्डं प्रत्येकी १० वॅट, म्हणजे मिळून ४ अँपिअर. आयएसए कार्ड १ अँपिअर. एका संगणकाचे १२, चारांचे ४८ अँपिअर, तेही फक्त +५ व्होल्टवर. ३०० वॅटचा साधा एसएमपीएस +५ वर ३० अँपिअरच्या आसपास देतो. बाहेरच्या लेबलवर वॅट पुरेसे दिसले तरी +५ ची रांग पुरत नाही. नवीन एसएमपीएसमध्ये तर सगळी ताकद +१२ वर असते आणि +५ वर आणखी कमी.

पण एसएमपीएस मोठा घेतला की संपलं असं नाही. ४८ अँपिअर बॅकप्लेनपर्यंत पोचवायचे कसे? २० पिनी एटीएक्स कनेक्टरवर +५ च्या चारच पिना असतात. म्हणजे प्रत्येकीवर १२ अँपिअर. साध्या टर्मिनलची ऐपत त्याच्या निम्मी. पिना आधी तपकिरी होतात, मग प्लास्टिक मऊ पडतं.

तारांमधली व्होल्टेजची घटही पाहा. १८ गेजची तार मीटरला साधारण २१ मिलिओहम. अर्धा मीटर लांब, चार तारा समांतर: २.६ मिलिओहम. गुणिले ४८, म्हणजे सव्वाशे मिलिव्होल्ट. तेवढेच परतीच्या ग्राउंडमध्ये. झाले २५० मिलिव्होल्ट. पीसीआयला +५ मध्ये ५ टक्के चालतं, म्हणजे ४.७५ पर्यंत, म्हणजे नेमके २५० मिलिव्होल्ट. सगळी सवलत तारांनीच खाल्ली, अजून बॅकप्लेन सुरूच झालेला नाही.

बॅकप्लेनच्या तांब्यात त्या मानाने कमी पडतं. ३५ मायक्रॉनच्या तांब्याचा चौरसाला अर्धा मिलिओहम. २० स्लॉट × २०.३२ मिमी म्हणजे ४०६ मिमी लांबी, रुंदी १२० धरली तर साडेतीन चौरसांच्या आत. भार वाटत वाटत जातो म्हणून निम्मा धरा: जाताना ४० आणि परतताना ४० मिलिव्होल्ट. भोकं पडलेल्या थरात त्याहून थोडं जास्त.

म्हणून: +५ च्या निदान आठ-दहा तारा आणि ग्राउंडच्या तेवढ्याच, मधल्या स्लॉटांजवळच्या स्क्रू टर्मिनलवर. रिमोट सेन्सची (लांबच्या टोकाचं व्होल्टेज पाहून सप्लायने भरपाई करायची) सोय असेल तर सेन्सच्या दोन तारा बॅकप्लेनच्या मध्यावर आणा, एसएमपीएसच्या तोंडाशी बांधून ठेवू नका. मोजमाप नेहमी सगळ्यात लांबच्या स्लॉटच्या बी३ आणि बी१ मध्ये, चारही संगणक कामाला लावून.

गंजलेला_पिन

+१ वरच्याला. दोन गोष्टी जोडतो.

−५ व्होल्ट: एटीएक्स१२व्ही १.३ (पीसीच्या एसएमपीएसचं मानक) पासून, म्हणजे २००३ पासून, एसएमपीएसमधून ही रांग गेली. काही जुनी आयएसए अॅनालॉग कार्डं अजून ती मागतात. कार्ड ओळखलं जातं, वाचन मात्र भलतंच येतं. बॅकप्लेनवर −१२ मधून −५ काढणारा ७९०५ रेग्युलेटर बसवलेला आहे का ते पाहा, नसेल तर बाहेरून लावता येतो.

३.३ व्होल्ट: एटी जातीच्या (एटीएक्सच्या आधीच्या) एसएमपीएसमध्ये ही रांगच नसते. अशा वेळी पीसीआय स्लॉटच्या ३.३ च्या पिना कोरड्या राहतात. कार्ड बसतं, दिवा लागत नाही, बायॉसला दिसत नाही, आणि माणूस स्लॉट बदलत बसतो. मीटर लावा.

कोपऱ्यातला_रॅक

एटीएक्सचा एसएमपीएस असेल तर चारही सीपीयू कार्डांच्या पीएस-ऑन (सप्लाय चालू करायच्या) तारा एकत्र जोडून द्यायच्या. कोणीही बटण दाबलं की सप्लाय चालू. सोपं.

बसधारक

विजेच्या दृष्टीने चूक नाही, पीएस-ऑन शून्याला ओढून चालू होते आणि चारांपैकी कोणीही ओढू शकतं. पण वागणूक बिघडते. पहिल्या कार्डाने सप्लाय चालू केला की उरलेल्या तिघांना न मागता मुख्य वीज मिळते. त्यांचा चिपसेट स्वतःला 'बंद' समजत असतो. काही कार्डं आपोआप सुरू होतात, काही अर्धवट लटकतात, काही बटणालाही दाद देत नाहीत. बंद करतानाही तेच: तीन शटडाउन झाले तरी चौथा चालू आहे तोवर वीज जात नाही.

सामाईक सप्लायवर सरळ एटी पद्धत बरी. पीएस-ऑन मुख्य स्विचमधून ग्राउंडला. प्रत्येक बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर: चालू'. एकेक संगणक पुन्हा सुरू करायचा तर त्याचं रिसेट बटण किंवा कार्डावरचा वॉचडॉग (संगणक अडकला की त्याला रिसेट करणारा टाइमर). वॉचडॉग फक्त आपल्या सेग्मेंटची रिसेट रेषा ओढतो, शेजाऱ्याला धक्का नाही.

सामाईक राहणारी आणखी एक तार म्हणजे पॉवर-गुड, 'वीज ठीक आहे' असं सांगणारी. सप्लाय क्षणभर दबला की ती खाली येते आणि चारही एकदम रिसेट होतात. 'चारही एकाच वेळी रीस्टार्ट झाले' हे लक्षण दिसलं की सॉफ्टवेअरकडे पाहू नका, सप्लाय आणि तारांकडे पाहा. एकच होत असेल तर त्या सेग्मेंटच्या आत शोधा. निम्मं निदान तिथेच होतं.

ढोबळमानाने

सुरुवातीच्या क्षणाचंही धरा. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना +१२ वर दोनेक अँपिअर घेते. प्रत्येक संगणकाला दोन डिस्का म्हणजे आठ, म्हणजे १६ अँपिअर एकदम, काही सेकंद. नंतर ते पाव भागावर येतं. एवढ्यासाठी सप्लाय मोठा घेण्यापेक्षा डिस्का पाठोपाठ सुरू करा. स्कझी डिस्कांवर उशिरा सुरू होण्याचे जंपर असतात. साटामध्ये पॉवर कनेक्टरची ११ वी पिन ग्राउंडला असेल तर डिस्क वीज मिळताच फिरते, मोकळी ठेवली तर कंट्रोलरच्या हुकुमाची वाट पाहते. कंट्रोलरला ती पद्धत येत असली पाहिजे, नाहीतर डिस्क झोपलेलीच. या कामाला कॉम्पॅक्ट फ्लॅश किंवा डिस्क-ऑन-मॉड्यूल लावलं तर हा विषयच उरत नाही.

स्लॉटशून्य

सगळ्यांचे आभार. पीसीआय स्लॉट चारच का देतात एका सेग्मेंटला? बॅकप्लेन एवढा लांब असताना?

बसधारक

पीआयसीएमजी १.० च्या (१९९४) कनेक्टरवर सीपीयू कार्डाकडून बस मागण्या-देण्याच्या चारच जोड्या येतात. म्हणून चार पीसीआय कार्डं. पाचवं हवं तर बॅकप्लेनवर पीसीआय-टू-पीसीआय ब्रिज लागतो. २११५२ हा ब्रिज दुसऱ्या बाजूला चार मास्टर (बस मागू शकणारी कार्डं) देतो, २११५० नऊ. ब्रिज बसला की 'पॅसिव्ह' हा शब्द कागदावरच राहिला, कारण आता बॅकप्लेनवर बिघडू शकणारी चिप आहे.

मूळ कारण त्याच्याही खालचं आहे. पीसीआय परावर्तित लाटेवर चालतो. ड्रायव्हर रेषेवर अर्ध्या उंचीची लाट सोडतो, ती मोकळ्या टोकावर आपटून परत येते आणि दोन्ही मिळून पूर्ण पातळी होते. ३३ मेगाहर्ट्झला एक चक्र ३० नॅनोसेकंदांचं, त्यातले प्रवासाला १०. रेष लांब झाली, स्लॉट वाढले, की लाट वेळेत परत येत नाही. ढोबळ नियम बसवर १० भार, आणि कार्डासकट एक स्लॉट म्हणजे दोन भार.

त्यामुळे सेग्मेंट पाडल्याने पीसीआयचं भलंच होतं. बस आखूड होते. आयएसए ८.३३ मेगाहर्ट्झवर रमतगमत चालतो, त्याला २० स्लॉटही चालत होते.

कोपऱ्यातला_रॅक

मग २१ स्लॉटचा व्हीएमई (दुसरी एक जुनी औद्योगिक बस) बॅकप्लेन मधून कापून दोन करता येतील का? रेषा करवतीने तोडायच्या आणि झालं?

गंजलेला_पिन

करवत खाली ठेवा.

व्हीएमईची (१९८१, मोटोरोला, मोस्टेक आणि सिग्नेटिक्स) बस दोन्ही टोकांना टर्मिनेट करावी लागते: प्रत्येक सिग्नलवर +५ ला ३३० ओहम आणि ग्राउंडला ४७० ओहम, म्हणजे रिकामी रेष २.९४ व्होल्टवर उभी राहते. मधून तोडलं की दोन्ही तुकड्यांचं एकेक टोक उघडं पडतं. तिथे टर्मिनेटर नसेल तर कडा नाचतात आणि अॅड्रेस स्ट्रोब दोनदा मोजला जातो. चूक कधी येते कधी नाही, आणि तिला शोधण्यात आठवडा जातो.

शिवाय स्लॉट १ खास असतो. तिथला सिस्टिम कंट्रोलर बस वाटून देतो, १६ मेगाहर्ट्झचा सिसक्लॉक देतो, कोणी उत्तर दिलं नाही तर ठराविक वेळाने बस एरर देतो. दुसऱ्या तुकड्यालाही स्लॉट १ लागणारच, आणि तो त्याच्या डाव्या टोकाला, कारण बस ग्रँट आणि इंटरप्ट अॅकनॉलेजची साखळी डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून ५+१६, ७+१४, १०+११ असे तयार स्प्लिट बॅकप्लेन मागवतात. १९ इंची रॅकची रुंदी ८४ एचपी (स्लॉटच्या रुंदीचं माप), एक स्लॉट ४ एचपी, म्हणून एकूण २१.

साखळीची भानगड: रिकाम्या स्लॉटवर चार बस ग्रँट आणि एक इंटरप्ट अॅकनॉलेज (आयअॅक) असे पाच जंपर लागतात. एक राहिला तर त्याच्या उजवीकडची कार्डं बस मागतच राहतात. कार्ड काढलं की जंपर घाला, कार्ड घातलं की जंपर काढा. कार्ड बसवून जंपर तसाच राहिला तर ग्रँट त्या कार्डाच्या डोक्यावरून पुढे जाते आणि दोघांना एकदम मिळू शकते. आपोआप जोडणारे बॅकप्लेन मिळतात, पण जुन्या चॅसिसमध्ये जंपर मागच्या बाजूने असतात, म्हणजे रॅकच्या मागून टॉर्च घेऊन.

आणि व्हीएमईला मुळात तोडायची गरज थोडी कमीच पडते. एकाच अखंड बसवर अनेक सीपीयू कार्डं राहू शकतात, प्रत्येकाची रॅम, बूट रॉम आणि ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. सिस्टिम कंट्रोलर फक्त स्लॉट १ चा, बाकीच्यांवर तो जंपर बंद. व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर सामाईक मेमरीतून बॅकप्लेनवरच नेटवर्क चालवता येतं, इथरनेटची केबल नको. पण हे स्वातंत्र्य सॉफ्टवेअरच्या भरवशावरचं. एका कार्डाने बस धरून ठेवली तर सगळे थांबतात, सिसरिसेट (सगळ्या बसची रिसेट रेषा) ओढला तर सगळे रिसेट. चार बिऱ्हाडं आणि नळ एक.

मीटरवाली

स्लॉटशून्य यांनी अजून खरेदी केली नसेल तर कॉम्पॅक्टपीसीआयचा विचार करावा. पीसीआयच, पण एज कनेक्टरऐवजी २ मिमीचा पिन कनेक्टर, ३ यू किंवा ६ यू युरोकार्ड, समोरून घालायचं आणि हँडलने कुलूप. ३३ मेगाहर्ट्झला सेग्मेंटमध्ये ८ स्लॉट (एक सिस्टिम, सात पेरिफेरल), ६६ ला ५. त्रिकोणाचं चिन्ह म्हणजे सिस्टिम स्लॉट, गोल म्हणजे पेरिफेरल.

तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटतो. पिना तीन लांबीच्या आहेत. आधी लांब पिना जुळतात आणि वीज-ग्राउंड येतं, मग मधल्या, सगळ्यात शेवटी एक आखूड पिन जुळते, ती 'आता बसलो' सांगते. त्यानंतरच कार्ड स्वतःची मुख्य वीज आत घेतं. काढताना उलटं: हँडल अर्धं उघडायचं, निळा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. लोक थांबत नाहीत, तिथेच घोळ. सिस्टिम स्लॉटमधलं सीपीयू कार्ड मात्र काढलं की तो सेग्मेंट गेला, कारण क्लॉक आणि आर्बिटर (बस वाटून देणारा) तिथेच.

चार स्वतंत्र संगणकांना खरा योग्य बॅकप्लेन पीआयसीएमजी २.१६ चा (२००१). त्यात कार्डं एकमेकांशी पीसीआयवरून बोलतच नाहीत. प्रत्येक नोड स्लॉटमधून जे३ कनेक्टरवरून इथरनेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या स्विच स्लॉटांकडे जातात. जास्तीत जास्त १९ नोड आणि २ स्विच. एक स्विच मेला तरी दुसऱ्यावरून सगळे चालू. सामाईक बसच नसल्यामुळे सेग्मेंटची हद्द वगैरे मोजायला लागत नाही.

कोपऱ्यातला_रॅक

पण त्यांचं आयएसए कार्ड तिथे बसणार नाही.

मीटरवाली

बसणार नाही, बरोबर. तो एकच मुद्दा त्यांना पीआयसीएमजी १.० वर बांधून ठेवतो. आय/ओ इथरनेटवर किंवा पीसीआयवर नेता येत असेल तर आधी तो निर्णय करा, मग चॅसिस.

ढोबळमानाने

पीआयसीएमजी १.३ पण आहे (२००५), पीसीआय एक्सप्रेसवाला. तिथे 'बस तोडणे' ही कल्पनाच उरत नाही, कारण पीसीआय एक्सप्रेस मुळातच एकास एक जोडणी आहे. कुठली लेन (डेटाची एक स्वतंत्र वाट) कुठल्या स्लॉटला सोल्डर केली एवढाच सेग्मेंटचा अर्थ. त्यामुळे सीपीयू कार्ड आणि बॅकप्लेन दोन्ही एकाच जातीचे (सर्व्हर की ग्राफिक्स) आहेत का ते पाहावं लागतं, नाहीतर १६ लेनच्या स्लॉटमधलं कार्ड ४ वर चालतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. या कार्डांना +१२ थेट मिळतं, म्हणून वरचा +५ चा सगळा हिशोब +१२ वर सरकतो. करंट कमी, तारा पातळ चालतात.

स्लॉटशून्य

आय/ओ कार्ड आयएसएच राहणार, त्याचं सॉफ्टवेअर डॉसवर आहे. थंडाव्याबद्दल कोणी सांगेल का? दोन पंखे पुरतील?

ढोबळमानाने

सूत्र: घनफूट प्रतिमिनिट = १.७६ × वॅट ÷ अंश सेल्सियस वाढ. ४०० वॅट उष्णता, १० अंश वाढ चालत असेल तर ७० घनफूट. पण पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला. समोर जाळी, फिल्टर आणि कार्डांची दाटी असताना निम्मा धरा. म्हणजे छापील १४० च्या पुढे, आणि एक पंखा बंद पडला तरी भागायला हवं. दोन पुरणार नाहीत, तीन घ्या, आणि फिरण्याचा सिग्नल देणारे घ्या.

१० अंश हा आकडाही जपून. आत येणारी हवाच किती गरम ते बघा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात शेडमध्ये ४५ सहज असतं. त्यात १० मिळवले की कार्डाजवळ ५५, आणि ० ते ६० अंशांची हमी असलेल्या कार्डाला श्वास घ्यायला पाचच अंश उरतात.

रिकाम्या स्लॉटांची मागची पट्टी उघडी ठेवू नका. हवा सोपा रस्ता शोधते, भोकातून निघून जाते आणि कार्डांमधून जात नाही. स्लॉटचं अंतर २०.३२ मिमी आहे. सीपीयू कार्डाचा हीटसिंक उंच असेल तर शेजारचा स्लॉट बाद होतो, तो आधीच हिशोबातून वजा करा. २० मधले चार असे गेले तर उरले किती ते मोजा.

गंजलेला_पिन

अर्थिंगचं कोणी बोललं नाही. चार संगणक, चार मशिनं, पण ग्राउंडचा थर एकच. मशीन १ ची आणि मशीन ३ ची अर्थिंग शेडच्या दोन टोकांना असेल आणि दोन्हीकडून साधी आरएस-२३२ केबल या चॅसिसमध्ये येत असेल, तर दोन अर्थांमधला फरक तुमच्या बॅकप्लेनमधून वाहतो. लक्षण: वेल्डिंग किंवा मोठी मोटर चालू झाली की दुसऱ्याच मशिनाचा पोर्ट मरतो. वेगळ्या चार पेट्या असत्या तर हे झालं नसतं. बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी ऑप्टो-आयसोलेटेड ठेवा, आय/ओ कार्डसुद्धा. स्प्लिट बॅकप्लेनने हे सुटत नाही, पत्रा एकच आहे.

कोपऱ्यातला_रॅक

एवढं सगळं असताना एक मोठा संगणक आणि चार व्हर्च्युअल मशीन का नको?

बसधारक

डॉसवरचं सॉफ्टवेअर थेट आयएसए पोर्ट लिहितं आणि टाइमर इंटरप्ट वेळेवर यायची अपेक्षा ठेवतं. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये भागत नाही. शिवाय यजमान गेला की चारही गेले, म्हणजे सामाईक एसएमपीएसपेक्षाही वाईट.

ब्लेड सर्व्हरमध्ये हाच विचार वरच्या पातळीवर आहे. आरएलएक्सने २००१ मध्ये ३ यू मध्ये २४ ब्लेड बसवले. एचपीच्या सी७००० मध्ये १० यू मध्ये अर्ध्या उंचीचे १६. मधला मिडप्लेन मुद्दाम पॅसिव्ह ठेवतात, कारण तो बदलायचा तर सोळाही खाली उतरवावे लागतात. चिप नसली तरी पिन वाकतेच. म्हणून ब्लेड घालण्याआधी खोबणीत टॉर्च मारून बघायचं. वाकलेल्या पिनेवर ब्लेड रेटला की पिन आणि ब्लेडचा कनेक्टर दोन्ही जातात, आणि तोच ब्लेड दुसऱ्या खोबणीत घालून 'तपासला' की तीही जाते.

स्लॉटशून्य

मग ठरवतोय ते असं: पाच-पाच स्लॉटचे चार स्प्लिट बॅकप्लेन, चार वेगळे एसएमपीएस, तीन पंखे. एक सेग्मेंट सुरूच झाला नाही तर कुठून सुरुवात करायची?

मीटरवाली

आधी फक्त सीपीयू कार्ड आणि रॅम, बाकी सगळं बाहेर. बी३-बी१ वर ४.७५ च्या वर आहे का. मग पोस्ट कार्ड (बायॉसच्या सुरुवातीच्या चाचणीचे कोड दाखवणारं), पण ते त्याच सेग्मेंटच्या स्लॉटमध्ये. शेजारच्यात घातलं तर ते शेजाऱ्याचे कोड दाखवतं आणि तुम्ही तासभर चुकीच्या बायॉसचा अर्थ लावत बसता. कोड येत असतील तर एकेक कार्ड घालत जा, प्रत्येक वेळी वीज बंद करून. ज्या कार्डाबरोबर +५ खाली पडतो, ते कार्ड दोषी.

पीआयसीएमजी सीपीयू कार्डाची एज लांब असते. काढताना लांबीच्या दिशेने थोडं थोडं झुलवायचं, आडवं नाही. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शाईचा खोडरबर सोनं घासून काढतो.

गंजलेला_पिन

आणि पाच स्लॉटचा एक बॅकप्लेन जास्तीचा मागवा, टेबलावर ठेवायला. पीसीआयचा कनेक्टर १०० वेळा घालण्या-काढण्याच्या हमीचा असतो. कार्डं तपासायची ती टेबलावरच्या बॅकप्लेनमध्ये, रॅकमधल्या नाही.